ट्रान्झिट ऑनलाइन झालं, पण जामीन कुणाचा?

कस्टम्सचं ट्रान्झिट डिजिटल करा, कागद बंद करा, दोन देशांच्या मधला व्यापार सोपा होईल, असं कुणी म्हटलं की आमच्या बेळगावच्या उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत, कुणी विरोध करत नाही, कशाला करतील, खरं फार टाळ्याही कुणी वाजवत नाही. सीमेवर राहणाऱ्या माणसानं "आता सगळं ऑनलाइन" हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की तो आधी विचारतो, गाडी थांबणार का नाही ते सांगा.

माझं म्हणणं असं आहे की ट्रान्झिटमधला कागद हा त्रासाचा लहान भाग आहे आणि जामीन हा मोठा. म्हणजे काय, तर माल अजून ड्युटी न भरता रस्त्यानं चाललाय, दुसऱ्या देशात किंवा आतल्या कुठल्या डेपोत जाऊन तिथं ड्युटी भरायची आहे, आणि मधेच कुणी तो उतरवून विकला तर सरकारचे पैसे कोण भरणार? ट्रान्झिटची सगळी यंत्रणा, ते सील, त्या प्रती, ते शिक्के, ह्या एका भीतीपोटी उभी राहिलीये. सोसायटीचं कर्ज काढताना जसे दोन जामीनदार आणा म्हणतात तसंच हे, फॉर्म हातानं भरला काय नि मोबाईलवर भरला काय, जामीनदार मिळेपर्यंत कर्ज मंजूर होत नाही. त्यामुळं डिजिटल करताना जामिनाचा प्रश्न न सोडवता नुसता फॉर्म स्क्रीनवर आणला तर लाईन तिथंच राहते, फक्त आता लाईनीत उभं राहून लोक मोबाईल बघतात.

हे आम्हाला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही. महाराष्ट्र-कर्नाटक हद्दीवरचा कोगनोळीचा नाका आठवा, जीएसटीच्या आधीचा. पुण्याहून माल भरून चेन्नईला निघालेली गाडी, तिचा कर्नाटकाशी संबंध काय तर फक्त रस्त्यापुरता, तरी तिला कर्नाटकात शिरताना ट्रान्झिट पास घ्यावा लागायचा आणि राज्यातून बाहेर पडताना, तमिळनाडूच्या हद्दीवर अत्तिबेलेला म्हणा, तो परत द्यावा लागायचा. कर्नाटकाच्या 2003 च्या व्हॅट कायद्यात तशी तरतूदच होती की बाहेर पडताना पास जमा केला नाही तर माल कर्नाटकातच विकला असं धरायचं आणि टॅक्स नि दंड गाडीच्या मालकाच्या मानगुटीवर. म्हणजे ज्याचा माल तो आरामात ऑफिसमध्ये, ज्यानं घ्यायचा तो चेन्नईत, आणि जामीनदार कोण तर बिचारा गाडीवाला, ज्याच्याकडं फक्त भाडं होतं. ड्रायव्हर लोक सीटच्या मागं प्लॅस्टिकच्या पिशवीत बिल, बिल्टी, पास एकावर एक लावून ठेवायचे आणि ती पिशवी आरसी बुकापेक्षा जास्त जपायचे. गाडी मधे बिघडली, रस्ता बदलला, पास हरवला, झालं, मालकाला नोटीस.

पुढं कर्नाटकानं ई-सुगम आणलं. वाईट नव्हतं, उलट त्या काळात बऱ्याच राज्यांच्या पुढं होतं, व्यापाऱ्यानं मालाची माहिती आधीच ऑनलाइन टाकायची, नंबर घ्यायचा, नंबर ड्रायव्हरला द्यायचा. खरं नाका तिथंच होता. आधी साहेब कागद बघायचे, मग कागदावरचा नंबर बघायला लागले. डिजिटल झालं म्हणजे नेमकं काय झालं हे विचारलं असतं तर ड्रायव्हरनं एकच उत्तर दिलं असतं, "थांबायचं तर थांबायलाच लागतंय की वो."

मग 1 जुलै 2017 ला जीएसटी आला आणि पुढच्या थोड्या दिवसांत देशभर सेल्स टॅक्सचे नाके उठले. हे कशामुळं झालं ते नीट बघायला पाहिजे, कारण पुढचा सगळा वाद त्यावर आहे. लोकांना वाटतं ई-वे बिल (मालाच्या वाहतुकीची ऑनलाइन नोंद) आलं म्हणून नाका गेला. तसं झालेलं नाही. आंतरराज्य ई-वे बिल सुरू झालं 1 एप्रिल 2018 ला (राज्याच्या आतल्या मालासाठी पण त्याच दिवसापासून लावणारं कर्नाटक पहिलं राज्य), म्हणजे नाका गेल्यावर नऊ महिन्यांनी. नाका गेला तो आयजीएसटीमुळं. राज्याबाहेर माल विकला की टॅक्स विकणाऱ्याकडून केंद्र घेतं आणि जिथं तो माल खपला त्या राज्याचा वाटा हिशोबानं तिकडं वळवतं. आता चेन्नईची गाडी कर्नाटकातून खरंच बाहेर पडली का हे कर्नाटकाला नाक्यावर बसून बघायची गरजच उरली नाही, टॅक्स कुणाकडून यायचा ते आधीच ठरलंय. गाडीवाला जामिनातून सुटला. आधी जबाबदारीचा प्रश्न सुटला, मग नाका उठला, आणि पोर्टल सगळ्यात शेवटी आलं.

देशा-देशांच्या मधे ही सोय नाही. नेपाळ आणि भारताचा काही एकत्र आयजीएसटी नाही, ड्युटीचे दर वेगळे, तिजोऱ्या वेगळ्या, त्यामुळं जामीन राहणारच. तो कसा घ्यायचा, किती घ्यायचा आणि कधी सोडायचा एवढंच आपल्या हातात असतं, आणि डिजिटल करण्यात जे काही खरं काम आहे ते ह्या तीन गोष्टीत आहे.

युरोपचं उदाहरण घेऊ, कारण त्यांच्याकडं ही सिस्टीम बरीच वर्षं चालू आहे, एनसीटीएस म्हणतात तिला. माल निघतो तिथल्या कस्टम्सला व्यापारी डिक्लेरेशन इलेक्ट्रॉनिक पाठवतो, त्याला एक नंबर पडतो, एमआरएन, आणि त्याच क्षणी त्या मालावरच्या ड्युटीएवढी रक्कम व्यापाऱ्याच्या गॅरंटीतून अडकवली जाते. माल पोचला की पोचल्याच्या ऑफिसमधून मेसेज, तपासणी झाली की आणखी एक मेसेज, आणि तो निघाल्याच्या ऑफिसला मिळाला की गॅरंटी मोकळी. पूर्वी ह्याच कामासाठी कागदाची एक प्रत पोस्टानं परत यायची, ती येईपर्यंत गॅरंटी अडकलेली, आणि हरवली तर मग पत्रापत्री. भरवशाच्या व्यापाऱ्याला तिथं गॅरंटीची रक्कम निम्म्यावर, 30 टक्क्यांवर, अगदी शून्यावरही आणता येते. युक्रेन 1 ऑक्टोबर 2022 ला ह्या व्यवस्थेत शिरला, म्हणजे ऐन युद्धात, कारण माल रस्त्यानं युरोपात न्यायचा तर प्रत्येक हद्दीवर नवा जामीन देत बसणं त्यांना परवडण्यासारखंच नव्हतं.

टीआयआर म्हणून जुनी जागतिक पद्धत आहे, 1975 च्या करारातली, तिच्यातही कणा जामिनाचाच. प्रत्येक देशात एक संस्था हमी घेते, त्या सगळ्या संस्था एकमेकांना बांधलेल्या, म्हणून सील केलेली गाडी चार देशातून न उघडता जाऊ शकते. भारत 2017 मध्ये ह्या करारात आला, आपल्याकडं हमीचं काम फिक्की ह्या उद्योगांच्या संघटनेकडं आहे. ह्या कराराला इलेक्ट्रॉनिक रूप देणारं परिशिष्ट 25 मे 2021 पासून लागू झालं. आपल्याकडून ह्या पद्धतीनं जाणारा माल अजून तसा मोजकाच. पाकिस्तानातून रस्ता नाही, मग ट्रक जाणार कुठून, हे सॉफ्टवेअर कसं सोडवणार?

आपल्या जवळचं चांगलं उदाहरण नेपाळचं आहे. नेपाळला समुद्र नाही, परदेशी कंटेनर कोलकाता, हल्दिया किंवा विशाखापट्टणमला उतरतो आणि आपल्या रस्त्यानं-रेल्वेनं वर जातो. पूर्वी नेपाळी व्यापाऱ्याला कोलकात्यात एजंट गाठून ट्रान्झिट डिक्लेरेशन करायचं, प्रतींवर प्रती, ड्युटीएवढा विमा भारतीय कस्टम्सच्या नावानं काढायचा, आणि हद्दीवर शिक्का मारलेली प्रत परत कोलकात्याला येईपर्यंत जीव टांगलेला. मग इलेक्ट्रॉनिक ट्रॅकिंग सील आलं, 2019 मध्ये त्यासाठी वेगळे नियम झाले, आणि ह्या पद्धतीत बंदरातून हद्दीपर्यंतची जबाबदारी जहाज कंपनी घेते, सील वाटेत उघडलं तर तिथल्या तिथं कळतं, आणि नेपाळी व्यापाऱ्यानं ड्युटीचं बघायचं ते थेट त्याच्या देशात. ह्यात सील चकाचक आहे म्हणून कौतुक होतं, होऊ दे. माझ्या मते खरी सुधारणा ही की जामीन लहान व्यापाऱ्याच्या डोक्यावरून उचलून ज्याला तो झेपतो त्याच्या डोक्यावर ठेवला.

आता कुणी म्हणेल बेळगावच्या माणसाला नेपाळचं काय. तर आमच्याकडचा माल बाहेर जातो आणि भरपूर जातो. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्रीतलं कास्टिंग, हायड्रॉलिकचे पार्ट, हत्तरगीच्या एसईझेडमधले विमानाचे सुटे भाग. गोवा शेजारी असलं तरी आमचे कंटेनर बहुतेक न्हावा शेवाच धरतात. त्यामुळं जामिनाचे प्रकार आम्हाला तोंडपाठ आहेत. दोन सांगतो.

जीएसटी आल्या आल्या एक्स्पोर्ट करायचं तर एकतर आयजीएसटी आधी भरा आणि मग रिफंडची वाट बघा, नाहीतर बाँड द्या बँक गॅरंटीसकट. साध्या पत्रावर, म्हणजे एलयूटीवर, माल सोडायची सवलत सुरुवातीला मोठ्या एक्स्पोर्टरनाच होती. लहान फाउंड्रीवाल्याचं वर्किंग कॅपिटल म्हणजे काय, कच्चं लोखंड, कोक, वीजबिल आणि शनिवारचा पगार, त्यातनं बँकेत गॅरंटीसाठी मार्जिन ठेवायचं म्हणजे तेवढ्या महिन्याचं उत्पादन कमी. ऑक्टोबर 2017 मध्ये सरकारनं एलयूटी जवळजवळ सगळ्यांना खुली केली, फक्त अडीच कोटींच्या वर टॅक्स बुडवल्याबद्दल खटला असलेले सोडून. कसलाही गाजावाजा नाही, ॲप नाही, उद्घाटन नाही, एक नोटिफिकेशन. आणि लहान एक्स्पोर्टरला जेवढा श्वास त्यानं मिळाला तेवढा बऱ्याच पोर्टलनी मिळून दिला नसेल.

दुसरं ई-सील. पूर्वी कारखान्यात कंटेनर भरायचा तर इन्स्पेक्टर साहेब हजर पाहिजेत, त्यांच्या ओव्हरटाइमची फी भरायची, त्यांची तारीख मिळेल तेव्हा भराई, कंटेनर आवारात उभा, त्याचं भाडं चालू, लेबर बसलेलं. 2017 पासून कारखानदार स्वतः भरतो, स्वतः सील लावतो. बोल्टासारखं दिसणारं सील असतं, आत यंत्रानं वाचता येणारी आरएफआयडी चिप, दाराच्या कडीत घालून दाबलं की खट्ट आवाज येतो, मग सीलचा नंबर, कंटेनरचा नंबर, गाडीचा नंबर, शिपिंग बिलाचा नंबर पोर्टलवर टाकायचे, आणि बंदराच्या गेटवर रीडरनं वाचलं आणि सील शाबूत निघालं की पुढं. ह्यालाच मी डिजिटल म्हणतो, कारण ह्यात एक माणूस, एक तारीख आणि एक थांबा खरोखर कमी झाला.

आता उलटी बाजू पण सांगायला पाहिजे, नाहीतर नुसतं कौतुक होईल. शिनोळी. चंदगड तालुक्यात, महाराष्ट्रात, उद्यमबागेतून टेम्पो अर्ध्या-पाऊण तासात जातो. बेळगावच्या कितीतरी लोकांनी तिथं युनिटं टाकलीत, त्यामुळं कास्टिंग इकडं ओतायचं आणि मशिनिंगला तिकडं पाठवायचं हे रोजचंच. साध्या मालाला 50 हजारांच्या वर किंमत असली तरच ई-वे बिल लागतं, खरं एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जॉबवर्कला, म्हणजे काम करून परत आणायला, माल पाठवला तर किंमत कितीही असू दे, ई-वे बिल लागतंच. चार ब्रॅकेट पाठवायचे, डिलिव्हरी चलन करा, पोर्टल उघडा, पार्ट ए भरा, पार्ट बी मध्ये टेम्पोचा नंबर टाका, टेम्पो पंक्चर झाला दुसरा आला तर पार्ट बी बदला, आणि माल परत येताना हे सगळं पुन्हा. इथं टॅक्स बुडायची भीती किती? माल विकलाच नाही, मालकाचा मालकाकडंच परत येणार. कर्नाटकाच्या हद्दीत मच्छेला पाठवला असता तर हेच चार ब्रॅकेट चलनावर गेले असते. म्हणजे जीएसटीनं जी हद्द पुसली ती ह्या एका नियमानं परत आखली, आणि ती आता नाक्यावर नाही, डिस्पॅचच्या कॉम्प्युटरवर आहे.

चुकीचं पण बघा. नाइट शिफ्टच्या पोरानं केए 22 च्या जागी केए 23 टाकलं, इथं अशी चूक व्हायला काही लागत नाही, बेळगाव आणि चिक्कोडीच्या गाड्या एकाच गेटातून ये-जा करतात. सुरुवातीला अशा एका आकड्यासाठी गाड्या अडकायच्या. सप्टेंबर 2018 ला सर्क्युलर निघालं की गाडीच्या नंबरात एक-दोन आकडे चुकले असतील तर माल अडवू नका, केंद्राचे 500 नि राज्याचे 500 असा हजार दंड घ्या. शहाणपणाचं काम. पण त्याच कायद्यात 2022 पासून गाडी अडवली तर मालकानं टॅक्सच्या दुप्पट दंड भरायचा असंही झालं, त्यामुळं आता रस्त्यावरचा अधिकारी चूक लहान धरतो का मोठी ह्यावर हजार रुपये की काही लाख हे ठरतं. सिस्टीम डिजिटल, आणि शेवटचा निर्णय रात्री दोनला रस्त्याच्या कडेला. कस्टम्स ट्रान्झिटमध्ये हेच होणार असेल तर लहान व्यापारी त्यात यायला घाबरणार आणि त्याला दोष देता येणार नाही.

ह्यावर एक हमखास आक्षेप येतो की सवलत दिली की चोर घुसतात. घुसतात, खोटी बिलं, एकाच बिलावर दोन खेपा, हे सगळं होतं, आमच्याकडं कुणाला माहीत नाही असं नाही. पण 2021 च्या सुरुवातीपासून ई-वे बिल फास्टॅगला जोडलंय, कोगनोळी, हत्तरगी, हिरेबागेवाडी, प्रत्येक टोलवर गाडी कधी गेली ते बसल्या जागी दिसतं. एका बिलावर दुसरी खेप मारली तर टोलच बोलतो. मग दहातल्या दहा गाड्या थांबवायचं कारण काय? संशय आहे ती थांबवा, ती नीट झाडून बघा. कस्टम्सकडं तर ह्याहून चांगली साधनं आहेत, सील आहे, स्कॅनर आहे, व्यापाऱ्याचा जुना सगळा रेकॉर्ड आहे.

एजंट लोकांचं काम जाईल म्हणतात, त्याची मला फारशी काळजी वाटत नाही, जीएसटी आल्यावर टॅक्सवाल्यांचं काम वाढलं का कमी झालं ते कुणालाही विचारा.

काळजी वाटते ती दुसऱ्या गोष्टीची. भारतानं बांगलादेशला सवलत दिली होती, त्यांचा एक्स्पोर्टचा माल आपल्या हद्दीतून आपल्या बंदरावर, विमानतळावर आणून तिसऱ्या देशात पाठवायची, 2020 पासून. एप्रिल 2025 मध्ये ती एका सर्क्युलरनं बंद झाली. कारणं दिली गेली, विमानतळांवर गर्दी होते, आपल्याच एक्स्पोर्टरना उशीर होतो, त्यात तथ्यही असेल, पण दोन देशांचे संबंध बिघडलेले होते हे पण सगळ्यांना दिसत होतं. सर्व्हर चालू, सील चालू, आणि रस्ता बंद. आम्हाला ह्याचं नवल वाटायचं कारण नाही. डिसेंबर 2022 ला सीमावाद पेटला तेव्हा हिरेबागेवाडीच्या टोलनाक्यावर महाराष्ट्र पासिंगच्या ट्रकांवर दगड पडले, एसटी बंद झाल्या, एमएच 09 ची, म्हणजे कोल्हापूर पासिंगची, गाडी असणारा माणूस चार दिवस घरातच थांबला, आणि त्या सगळ्या काळात ई-वे बिलाचं पोर्टल व्यवस्थित सुरू होतं. मागं कोरोनात कोगनोळीला आरटीपीसीआर रिपोर्ट बघायला परत नाका उभा राहिला तेव्हाही तसंच. सीमा पुसायची ताकद पोर्टलमध्ये नाही. दोन बाजूंनी मनावर घेतलं तर तिचा त्रास कमी करायची ताकद मात्र आहे, आणि ती मागायला आम्ही लाजायचं कारण नाही.

मग मागायचं काय. एक तर माहिती एकदाच घ्या. शिपिंग बिलात टाकलेलं परत सीलच्या पोर्टलवर, परत ई-वे बिलात, परत ट्रान्सपोर्टरच्या ॲपवर, हे एकाच डिस्पॅचवाल्यानं चार वेळा टाईप करायचं आणि चारातल्या एकात आकडा चुकला की त्यालाच पकडायचं, हा काय न्याय झाला? दुसरं, ड्रायव्हरच्या हातात जो स्क्रीन जाणार तो त्याला वाचता आला पाहिजे, मराठी, कन्नड, हिंदी, काहीतरी. इथला ड्रायव्हर तीन भाषा बोलतो आणि ॲप त्याच्याशी चौथीत बोलतं. तिसरं, सर्व्हर बंद पडला तर काय करायचं ते आधी लिहून ठेवा, "थोड्या वेळानं प्रयत्न करा" हे काही गाडीवाल्याला सांगायचं उत्तर नाही, त्याचं डिझेल जळत असतं. आणि लहान माणसाला गॅरंटीची सवलत त्याच्या आकारावर नको, वागणुकीवर द्या. कस्टम्सची एईओ योजना आहे, भरवशाच्या व्यापाऱ्याला त्यात बँक गॅरंटीत सूट मिळते, लहान उद्योगांसाठी अटी सैलही केल्यात, पण तीस कामगारांच्या फाउंड्रीत ती फाईल तयार करायला माणूस कोण आहे? दहा वर्षं एकही केस नसलेल्याला सिस्टीमनं स्वतःहून ओळखावं, सगळा डेटा त्यांच्याकडंच पडलेला असतो.

सगळ्यात महत्त्वाचं, जामीन सुटायची मुदत कायद्यात घाला. माल पोचला, सील शाबूत, मेसेज आला नाही, तर चूक कुणाची? युरोपात पोचल्याचा मेसेज ठरलेल्या मुदतीत आला नाही तर जिथून माल निघाला ते ऑफिस स्वतः चौकशी सुरू करतं, समोरच्या ऑफिसला विचारतं, व्यापाऱ्याकडं पुरावा मागतं. त्याची पद्धत नियमात लिहिलेली आहे. आपल्याकडं ही चौकशी डिस्पॅचचा पोरगा करतो, आधी एजंटला फोन, मग ट्रान्सपोर्टला, मग बंदरावरच्या कुणाच्या तरी ओळखीच्याला, आणि तोवर बँक मार्जिनच्या पैशाला हात लावू देत नाही.